माझ्या मागे कुणी नाही

अलवंद डोंगराच्या पायथ्याशी, गंजनामेच्या चौकात मेहरंगीज खानम पहिल्यांदा अवतरल्या त्या गाढवावरून. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला मेंढपाळाने गुंडाळून दिलेला घोंगडीचा तुकडा, डोक्यावरचा रुमाल तिरका झालेला आणि नाकाचा शेंडा बीटासारखा लाल. शुक्रवारची दुपार, म्हणजे अर्धं हमदान तिथे हजर. धबधब्याखाली फोटो काढणारी पोरं, आश नावाच्या दाट सूपच्या वाडग्यांवर वाकलेले बाप, सामोवाराभोवती जमलेल्या आज्या. गाढव चौकात आलं आणि सगळा गलका एकदम थांबला. दुसरी कुणी असती तर रुमालाआड तोंड लपवून मागच्या वाटेने सटकली असती. खानमनी गाढव थांबवलं, उजवा हात छातीवर ठेवला आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग मधल्या प्रेक्षकांकडे बघून रीतसर मान लववली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आशवाल्याने तर पळी पातेल्यावर आपटून ताल धरला.

पण टाळ्या घेताना खानमची नजर समोरच्या बाकावर खिळली होती. तिथे त्यांच्याच गल्लीतली मंडळी बसली होती. सकाळी त्या ज्यांच्याबरोबर अलवंदवर निघाल्या होत्या, तीच ही मंडळी. वर बर्फात खानमच्या बुटाचा तळ निघाला, त्या थांबल्या, हाका मारून मारून घसा बसला, आणि भराभर चालणारे भराभर निघून गेले. आता ते आशवर तळलेला पुदिना घालून घेत होते.

"अरेच्चा, तुम्ही मागे होतात होय?" त्यांतला एक जण म्हणाला. "आम्हाला वाटलं, पुढे गेलात."

आम्हाला वाटलं! गाढव, चिंधी, लाल नाक, सगळं खानम हसून सांगत. आजही सांगतात, नक्कल करून सांगतात. पण 'आम्हाला वाटलं' इथे आल्या की त्यांचा आवाज बदलतो.

खानमचं बाजारात लोकरीचं दुकान. तांबटांची ठकठक संपते तिथे डावीकडे वळलं की रंगीबेरंगी गुंड्यांच्या भिंतीपुढे त्या बसलेल्या दिसायच्या, हातात सुया आणि तोंडात खडीसाखर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या डोंगरावर गेल्या होत्या. गाढवाच्या स्वारीनंतर आठवड्याच्या आत दुकानाच्या काचेवर कागद लागला: 'अलवंदवर हळू चालणारी माणसं हवी आहेत. जेवढी नेऊ तेवढी आणू.'

त्यांचे यजमान यदुल्ला आगा यांनी तो कागद चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून पुन्हा वाचला.

"तू लोकर विकतेस की माणसं गोळा करतेस?"

"दोन्ही. दोन्हींचा गुंता होतो आणि दोन्ही मलाच सोडवावे लागतात."

"मला मात्र धरू नकोस. माझा अलवंद म्हणजे ही गादी."

"तुम्हाला तिथून खाली आणायलाच बचावपथक लागेल," खानम म्हणाल्या, आणि सुया पुढे चालू लागल्या.

पहिल्या शुक्रवारी चार माणसं आली, त्यांतली एक पत्ता चुकून. पण हळूहळू खानमचा दिवाणखाना भरत गेला. निवृत्त टंकलेखिका पूरान खानम आल्या, ज्यांना थंडी सोडून जगातली कुठलीच गोष्ट वेळेवर भेटली नव्हती. दातांचे एक डॉक्टर आले, मडकी विकणारे दोन भाऊ आले, नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं आलं. गावाने त्यांना नाव ठेवलं 'कासवांची टोळी'. खानमनी ते नाव उचललं आणि सगळ्यांसाठी भडक लाल टोप्या विणल्या, कपाळावर हिरवं कासव. लाल कशासाठी? बर्फात आणि धुक्यात लांबून दिसावं म्हणून. कासव कशासाठी? "ज्यांनी नाव ठेवलं त्यांना लाज वाटावी म्हणून," खानम सांगत.

नियम साधे होते, पण खानमचे होते. निघण्याआधी हवेचा अंदाज बघायचा. हवा वाईट असेल तर गंजनामेच्या टपरीवर आश खाऊन घरी. पिशवीत कोरडे मोजे, वारा अडवणारं एक जाकीट, गरजेपेक्षा जास्त पाणी. गळ्यात शिट्टी. परतायची वेळ ठरली की ठरली. शिखर समोर दिसत असलं तरी पाठ फिरवायची. "त्याला पाय नाहीत, ते पुढच्या शुक्रवारी तिथेच असेल." सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे रांगेला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याच्या पुढे कुणी जायचं नाही, शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही. शेपूट आलं म्हणजे सगळे आले.

तालमीही व्हायच्या. होय, तालमी! पडदा उघडल्यावर पाठांतर करायचं नसतं, हे खानमना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गंजनामेच्या गवतावर शाली आणि काठ्यांची झोळी करून जखमी माणूस कसा न्यायचा, याचा सराव ठरला.

"जखमी कोण होणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," खानम म्हणाल्या.

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. खानमचं वजन हा बाजारात उघडपणे बोलायचा विषय नव्हता.

"बघता काय? सगळ्यांत जड मीच आहे. मला उचललंत की अलवंदवरचं काहीही उचलाल."

पहिल्याच झटक्याला गाठ सुटली आणि खानम धपकन गवतावर.

"पाय मोडलेला आणला होता, तुम्ही पार मारूनच टाकलात!" खालूनच त्या गरजल्या. "गाठ कुणाची? पुन्हा बांधा!"

त्या दिवशी त्या इतक्यांदा मेल्या की शेवटी आशवाल्याने, मयताच्या नावाने वाटतात तसा, त्यांच्या नावाने फुकट हलवा वाटण्याची तयारी दाखवली.

शेपूट म्हणून निवड झाली बोर्जू आगांची, आणि ती एकमताने. बोर्जू आगा टॅक्सी चालवत. भाडं घेताना "राहू द्या हो, तुमच्यापुढे पैशाची काय किंमत" असं म्हणायची आमच्याकडे सगळ्यांनाच सवय. ते ऐकायचं, हसायचं आणि पैसे द्यायचे. पण बोर्जू आगा ते इतक्या मनापासून म्हणत की एकदा परगावचा एक विद्यार्थी खरोखरच "आभारी आहे" म्हणून उतरून चालू लागला, आणि बोर्जू आगा त्याची विसरलेली छत्री घेऊन त्याच्यामागे धावले. दारापाशी दोन माणसं आली तर ते तिसऱ्याची वाट बघत, त्यालाही आधी जाऊ द्यायचं म्हणून.

"शेपूट असावं तर असं," खानम म्हणाल्या. "या माणसाच्या मागे कुणी राहूच शकत नाही."

सगळे हसले. बोर्जू आगा लाजून म्हणाले, "मी कसला शेपूट? माझ्याहून लायक माणसं आहेत. आधी त्यांना विचारा."

"बघा!" खानम म्हणाल्या.

'आधी तुम्ही' हा आमच्याकडचा खेळ जुना. दारातून आत जायचं म्हणजे अख्खा एक अंक होतो. "आपण पुढे व्हा", "छे, आपलं पाऊल आधी", "मला मेल्यावर जाऊ द्या, पण आपल्याआधी नाही". आणि आतलं जेवण निवत असतं. तारोफ म्हणतात याला. शेवटी कुणीतरी माघार घेतं, दोघांनाही बरं वाटतं, आणि कधी कुणाचं काही बिघडलेलं नाही. निदान सपाटीवर तरी.

मग एका वसंतात शिकूफे दुकानात आली. औषधांचं दुकान चालवणारी, नेमकं बोलणारी मुलगी. तिने लोकर दाबून बघितली, भाव विचारला नाही, आणि गुंडी परत ठेवली.

"खानम, मी बाबांसाठी आले आहे."

तिचे बाबा म्हणजे उस्ताद वफाई. अर्ध्या हमदानला बोरू धरायला त्यांनी शिकवलं. बाजारातल्या कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या, आणि उरलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. आदल्याच हिवाळ्यात त्यांची पत्नी गेली. तेव्हापासून उस्ताद घराबाहेर पडले नव्हते.

"खिडकीत बसतात आणि अलवंदकडे बघतात," शिकूफे म्हणाली. "आई आणि ते लग्नानंतर तिथे, तख्त-ए-नादिर पठाराच्या वाटेवरच्या झऱ्यावर जायचे. मी विचारते, जायचं का? तर म्हणतात, कुणाला कशाला त्रास. खानम, त्यांचं 'नको' हे 'हो' असतं, आणि 'हो' तर ते कधी म्हणतच नाहीत. तुम्ही न्या त्यांना. पण मी देते तसे परत आणा."

खानमनी दोन बोटं डोळ्यावर ठेवली. "तुझं म्हणणं डोळ्यांवर, शिकूफे जान. जेवढे नेऊ तेवढे आणू."

त्या शुक्रवारी उस्ताद आले ते राखाडी फेल्ट हॅट घालून, टापटीप कोटात, जणू बक्षीस समारंभाला निघालेत. मंडळी उठून उभी राहिली; निम्मे त्यांचेच विद्यार्थी. बोर्जू आगांनी तर पुढे होऊन त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं.

"बोर्जू!" उस्तादांचा चेहरा उजळला. "तुझ्या अक्षरातला 'नून' अजून पोट पुढे काढून बसतो का रे?"

"आता माझंच पोट पुढे आलंय उस्ताद. नून बिचारा सडपातळ झाला."

मिनीबसच्या दारात 'आधी तुम्ही'चा प्रयोग इतका रंगला की ड्रायव्हरने गाडी बंद करून सिगरेट पेटवली. शेवटी खानमनी दोघांनाही पाठीत हात घालून आत ढकललं. उस्तादांच्या डोक्यावर त्यांनी लाल टोपी चढवली, गळ्यात शिट्टी अडकवली.

"ही कर्कश वाजते का?" उस्तादांनी काळजीने विचारलं.

"वाजायलाच हवी. गरज पडली की फुंकायची, लागोपाठ."

"हो, हो. पण गरज कशाला पडेल?"

चढण छान झाली. ऊन कोवळं होतं, सावलीतल्या घळींत अजून बर्फ, आणि खडकांच्या पायथ्याशी रीवासची आंबट देठं नुकती वर आलेली. खाली उतरणारा प्रत्येक जण "दमू नका!" म्हणत जायचा आणि कासवं एका सुरात उत्तर द्यायची, "तुम्हीही!" मैदान-ए-मिशानच्या निवाऱ्यापाशी थोडं थांबून मंडळी पुढे गेली. उस्ताद हळू चालत, पण चालत. झऱ्यापाशी पोचल्यावर त्यांनी हॅट काढून हातात धरली, आणि ते ओंजळभर पाणी प्यायले. मडकीवाला धाकटा भाऊ सफरचंद खात होता, त्याने चावणं थांबवलं.

"पाणी तसंच गार आहे," एवढंच उस्ताद म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी आतून दिवा लावलाय.

हॅट त्यांच्या हातात आणि डोक्यावर लाल टोपी नाही, हे खानमच्या लक्षात यायला हवं होतं. टोपी खरं म्हणजे केव्हाच पूरान खानमच्या डोक्यावर, त्यांच्या स्वतःच्या टोपीवर, चढली होती. पूरान खानम वाटेत एकदाच म्हणाल्या होत्या, "आई गं, कान गारठले." उस्तादांनी लगेच टोपी काढून पुढे केली. "ती तुमच्याच डोक्याला शोभेल." मोठ्या माणसाने दिलेली वस्तू नाकारायची कशी?

अलवंदवर धुकं विंगेतून येतं. डाव्या दरीतून एक चिंधी, मग उजवीकडून दुसरी, आणि बघता बघता अख्खा रंगमंच गायब. परतायची वेळ झालीच होती. खानमनी सगळ्यांना जवळ घेतलं, पुढच्याच्या पाठीवरची पिशवी दिसेल इतक्याच अंतरावर राहायला सांगितलं आणि स्वतः डोकं झाल्या.

"बोर्जू आगा, शेपूट तुम्ही!"

"डोळ्यांवर, खानम!" धुक्यातून आवाज आला.

निवाऱ्याचं दार दिसलं तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एकेक जण आत आला. खानम दारात उभ्या.

"शेपूट आलं?"

"आलं, खानम!" बोर्जू आगा दाढीवरचं पाणी पुसत आत शिरले. खानमनी दार लावून घेतलं.

निवाऱ्याच्या रखवालदाराने काळी किटली उचलून पेले भरले. पहिला पेला वडीलधाऱ्यांचा, हे सांगायला लागत नाही. बोर्जू आगांनीच तो उचलला, बशीत खडीसाखर ठेवली आणि उस्तादांना शोधत कोपऱ्यापर्यंत गेले. मग दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग पेला हातात तसाच धरून ते खानमसमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा धुक्याच्या रंगाचा झाला होता.

"उस्ताद कुठे आहेत?" खानमनी विचारलं.

"त्या दोन खडकांमधली अरुंद फट आहे ना, खानम... तिथे ते म्हणाले, आधी तू. मी म्हटलं, मेलो तरी नाही. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा नाही म्हटलं. मग म्हणाले, 'बोर्जू, मी तुला सांगतोय.' शाळेत मला फळ्यापाशी बोलवायचे ना, तसं. माझे पाय आपोआप पुढे गेले. मला वाटलं, ते लगेच मागून..."

"तुम्हाला वाटलं," खानम म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बोर्जू आगा आजही सांगतात. एक क्षणभर खानमना गाढवावरून दिसणारा चौक दिसला, आणि दुकानात लोकर दाबून बघणारी शिकूफे दिसली. मग त्यांनी रुमाल घट्ट बांधला.

"कुणीही बाहेर पळायचं नाही. एक हरवलाय, सात हरवायचे नाहीत." त्या रखवालदाराकडे वळल्या. "आगा, खाली बचावपथकाला आत्ता कळवा."

"आत्ता? जरा बघून घेऊ या की. उगाच त्यांना त्रास."

"त्रासच द्यायचाय! उस्ताद पाच मिनिटांत सापडले तर मी स्वतः सगळ्यांना चहा पाजून माफी मागेन. मला लाज वाटत नाही."

त्यांच्या पिशवीत विणकाम असायचंच. लाल लोकरीच्या गुंड्या त्यांनी बाहेर काढल्या, एक टोक निवाऱ्याच्या कडीला बांधलं. बोर्जू आगा, डॉक्टर आणि त्या स्वतः, एकामागे एक, गुंडी सोडत वाटेने उलट निघाले. बाकीच्यांनी दारात शिट्ट्या वाजवत राहायचं, म्हणजे निवारा कुठे आहे ते कानांनी कळेल. गुंडी संपली की दुसरीचं टोक जोडायचं. डॉक्टरांच्या गाठी बघून खानम एवढ्या काळजीतही पुटपुटल्या, "हिरडीला टाके घालता ना? तसंच बांधा."

खडकांची फट आली. पलीकडे पांढरं, फक्त पांढरं.

"उस्ताऽऽद!"

काही नाही. खानमनी शिट्टी फुंकली, थांबल्या, कान दिले. पुन्हा फुंकली. वाराही नव्हता, कुणी खोकलं असतं तरी ऐकू आलं असतं.

"शिट्टी आहे त्यांच्या गळ्यात. मी स्वतः घातली," खानम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "मग वाजवत का नाहीत? शुद्धीवर नसतील का, डॉक्टर?"

उत्तर दिलं ते बोर्जू आगांनी, हळूच.

"खानम, त्या माणसाने वर्गात कधी आवाज चढवला नाही. छडी तर सोडाच, टाळीसुद्धा वाजवली नाही. स्वतःसाठी शिट्टी वाजवून माणसं बोलवायची? ते नाही जमायचं त्यांना. बसले असतील कुठेतरी, धुकं विरायची वाट बघत. कुणाला कशाला त्रास."

खानमनी त्यांच्याकडे बघितलं. मग धुक्याकडे बघितलं. आणि मग बाजारातल्या त्या तगड्या बाईने छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि असा आवाज लावला की शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या प्रेक्षकालाही दचकून जाग यावी.

"उस्ताऽऽद! चहा ओतलाय हो! सगळे थांबलेत तुमच्यासाठी! तुमच्याआधी कुणी पेला उचलत नाहीये! पूरान खानम थंडीने कुडकुडतायत, पण घोट घेत नाहीत!"

शांतता.

"चहा निवतोय, उस्ताद!"

आणि मग, उजवीकडे खालून, एक शिट्टी आली. इतकी हळू, इतकी संकोची, की जणू दारावर टकटक करून कुणी विचारावं, आत येऊ का?

बोर्जू आगा तिकडे झेपावणार तोच खानमनी त्यांची कॉलर धरली. "लोकर! लोकर सोडत चला. आणि उस्ताद, पुन्हा वाजवा! लाजू नका!"

वाटेपासून काही पावलांवर, एका मोठ्या खडकाआड, उस्ताद बसलेले सापडले. एक पाय लांब केलेला, घोटा सुजलेला, हॅट मांडीवर, आणि हॅटमध्ये नीट रचून ठेवलेली रीवासची देठं. त्यांच्या पलीकडे हातभर अंतरावर उतार सरळ दरीत जात होता. ते बघून डॉक्टरांनी डोळे मिटले.

"क्षमा करा," उस्ताद उठायचा प्रयत्न करत म्हणाले. "शिकूफेला लहानपणी रीवास फार आवडायचा. म्हटलं, दोन देठं घ्यावीत. पाय जरा मुरगळला. तुमच्या हाका ऐकू येत होत्या हो, पण म्हटलं, बिचारे जेवत असतील. खरंच चहा निवला का?"

बोर्जू आगा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. उस्तादांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून आधी त्यांनाच दिला.

"पुरे!" खानम म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज परत जागेवर आला होता. "आता कुणीही कुणाला काहीही देणार नाही. डॉक्टर, घोटा बांधा. बोर्जू आगा, रडून झालं की मागे नीट बघा. मागे कुणी आहे?"

"नाही, खानम."

"चला मग."

लाल लोकरीचा धागा धरून ते निवाऱ्यात परतले, उस्ताद दोघांच्या खांद्यांवर. दारातल्या शिट्ट्या थांबल्या आणि आत असा जल्लोष झाला, की रखवालदाराने किटली पुन्हा चढवली. पूरान खानमनी न बोलता लाल टोपी काढली आणि उस्तादांच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढून बसवली. या वेळी उस्तादांनी नको म्हटलं नाही.

मग झोळी बांधली गेली. गाठी एकदाही सुटल्या नाहीत. आठ जणांनी उचललं आणि उचलताच झोळी जवळजवळ छताला लागली.

"अरे देवा, हे तर पीस आहे!" मडकीवाला थोरला भाऊ म्हणाला. "आम्ही खानमना उचलून शिकलो आहोत, उस्ताद!"

"माझा पाणउतारा घरी जाऊन करा," खानम म्हणाल्या. "पायाखाली बघा!"

अर्ध्या वाटेत बचावपथकाचे लोक भेटले. बोर्जू आगांनी त्यांची क्षमा मागायला तोंड उघडलं, तोच त्यांच्यातला वयस्कर माणूस झोळीच्या गाठी चाचपून म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुम्हाला? रोज असे बोलवा आम्हाला, नुसते चहा पिऊन परत जाऊ."

गंजनामेच्या चौकात वडिलांना घ्यायला आलेली शिकूफे उभी होती. झोळी बघून ती धावत आली. खानमनी वाटेत काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण तिच्यासमोर आल्यावर ते सगळं बाजूला राहिलं.

"शिकूफे, तुझे बाबा आमच्या मागे राहिले होते. दार लावून मी चहा ओतायला बसले होते. तू दिलेस तसे मी आणलेले नाहीत, घोटा सुजलाय. तू म्हणालीस तर आजपासून मी दुकानातून उठणार नाही."

शिकूफेने वडिलांकडे बघितलं. कासवाची लाल टोपी कानांपर्यंत, मांडीवर हॅट, हॅटमध्ये रीवास.

"बाबा, शिट्टी का नाही वाजवलीत?"

"अगं, सगळे दमले होते. कुणाला कशाला..."

"त्रास!" शिकूफे ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यातच तिला हसू फुटलं. "आयुष्यभर कुणाला त्रास दिला नाहीत, आणि आज अख्खा अलवंद डोक्यावर घेतलात!"

"देठं कोवळी आहेत," उस्ताद हळूच म्हणाले. "तुझ्यासाठी."

तिने एक देठ उचलून दातांखाली धरलं, आंबटपणाने डोळे मिटले, आणि मग खानमना मिठी मारली. "दुकानातून उठणार नाही म्हणता? मग यांना पुढच्या वेळी कोण नेणार? आज किती महिन्यांनी बोलले ते माझ्याशी एवढं!"

घोटा बरा होईपर्यंत वसंत उन्हाळ्यात मिसळला. दरम्यान खानमनी गंजनामेच्या टपरीसमोर कासवांची सभा घेतली आणि नवा नियम सांगितला. तारोफ खाली टपरीवर ठेवून यायचं, परत येताना घेऊन जायचं. वर कुणी विचारलं, पाय दुखतो का, तर दुखतो म्हणायचं. तहान लागली तर पाणी मागायचं. घाबरलात तर शिट्टी फुंकायची, फाटेपर्यंत. आशवाल्याने हे ऐकून टपरीबाहेर एक रिकामी टोपली ठेवली. तेव्हापासून वर जाणारं प्रत्येक कासव टोपलीवर वाकून काहीतरी ठेवल्यासारखं करतं आणि संध्याकाळी परत उचलल्यासारखं करतं. नवे लोक हसतात, पण ठेवतात.

बोर्जू आगांनी मात्र शेपूटपणाचा राजीनामा आणून दिला होता. खानमनी तो ऐकूनही घेतला नाही. त्यांनी एक भगभगीत पिवळं जाकीट बोर्जू आगांच्या अंगावर टाकलं आणि म्हणाल्या, "उस्तादांकडे जा. पाठीवर काय लिहायचं ते त्यांना सांगा. त्यांच्या हातचं हवंय."

काय लिहायचं ते बोर्जू आगांनी सांगितलं. उस्तादांनी चष्मा पुसला, बराच वेळ त्या पिवळ्या पाठीकडे बघितलं, मग रुंद बोरू बुडवून एका दमात लिहिलं.

पुढच्या चढाईला उस्ताद हजर. फेल्ट हॅट पिशवीत, लाल टोपी डोक्यावर. झऱ्यावरून परतताना ती खडकांची फट आली. ऊन लख्ख होतं, दूरवरचं हमदान दिसत होतं. पुढच्या रांगेने चालणं थांबवलं नाही, पण सगळ्यांचे कान मागे होते. फटीच्या तोंडाशी उस्ताद थांबले. मागे बोर्जू आगा.

"उस्ताद, तुम्ही पुढे."

"नाही रे, तू हो. माझा पाय जरा हळू..."

"तुम्ही पुढे."

"बोर्जू," उस्ताद म्हणाले, अगदी त्याच शाळेतल्या आवाजात, "मी तुला सांगतोय."

बोर्जू आगांचे पाय पुढे जायला निघालेच होते. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि गर्रकन उस्तादांकडे पाठ फिरवून उभे राहिले. पिवळ्या पाठीवर, सुबक, डौलदार, अर्ध्या हमदानने ज्यावरून गिरवलं त्या अक्षरात, लिहिलेलं होतं: 'माझ्या मागे कुणी नाही.'

उस्तादांनी ते वाचलं. स्वतःच्या हातचं अक्षर खोटं कसं पाडायचं? त्यांनी एक निःश्वास सोडला, काठी टेकली, आणि फटीतून पुढे झाले.

"शेवटच्या 'नून'चं पोट जरा पुढे आलंय," पलीकडून त्यांची कुरकुर ऐकू आली. "जाकीट आणून दे. दुरुस्त करतो."

सगळ्यांत पुढे चालणाऱ्या मेहरंगीज खानमनी मागे न बघता हाक दिली, "शेपूट आलं?"

"आलं, खानम!" बोर्जू आगा ओरडले. त्यांनी एकदा मागे वळून नीट बघितलं. वाट रिकामी होती. "आणि सगळे आले!"